ऐंशी डावे-उजवे

त्या चाचणीच्या शेवटच्या दिवशी माझी ऐंशीपैकी अठ्ठ्याहत्तर उत्तरं बरोबर आली. त्यातली निम्मीसुद्धा मी डोळ्यांनी पाहून दिली नव्हती. हे मी दोन वर्षं घरात कुणाला सांगितलं नाही. त्या काळात माझ्या भाचीच्या हातात आलेली परदेशातली जागा गेली, आणि तिनं आकडे मनाचे भरले अशी कुजबुज सुरू झाली. ती कुजबुज आमच्या ओळखीच्या घरांतही फिरली. एका बारशात कुणीतरी माझ्या बहिणीला तोंडावर विचारलं, "काय हो, मुलीनं काही गडबड केली म्हणे?" ज्यांनी ते ऐकलं त्यांनी हेही वाचावं, एवढ्यासाठी लिहितो आहे. गडबड मी केली.

मी अडतीस वर्षं तार खात्यात होतो. बहिणीचे यजमान गेले तेव्हा भाची नववीत होती. तेव्हापासून दोघी मल्हारगंजात माझ्याकडेच राहतात. पोरगी हुशार निघाली. शहराबाहेरच्या सिमरोलच्या कॅम्पसवर तिनं पीएच.डी. केली. विषय असा की डोळ्यांनी आत घेतलेल्या प्रकाशाचं मेंदू 'दिसणं' कसं करतो. मला त्यातलं फार समजत नसे, पण ती समजावून सांगायची. ती म्हणायची, "मामा, डोळा फक्त तार पाठवतो. वाचणारा मागे बसलेला असतो." ही उपमा तिनं माझ्यासाठीच शोधली होती आणि मला ती फार आवडली होती.

पीएच.डी. झाली की लगेच कायमची नोकरी लागत नाही, हे मला तिच्यामुळे कळलं. मधे दोन-तीन वर्षं दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेत जाऊन स्वतःचं काम सिद्ध करावं लागतं. त्याला पोस्ट-डॉक म्हणतात. आमच्या फ्रिजवर तिनं एक कागद लावला होता. कुठल्या शहरातल्या कुठल्या लॅबमध्ये जागा आहे, शेवटची तारीख काय, आणि तिकडचे दुपारचे बारा म्हणजे आपले किती. या जागांना वयाची नाही, पण पीएच.डी.नंतरच्या वर्षांची अट असते. इतकी वर्षं उलटली की दार बंद. तो कागद बघून बहीण फ्रिजमधून दूध काढता काढता म्हणायची, "आमच्या वेळी स्थळांची यादी असायची."

तिच्या प्रबंधाचा शेवटचा भाग आम्हा म्हाताऱ्यांवर होता. सरावानं तरुणांची नजर तीक्ष्ण होते, हे माहीत होतं. सत्तरीच्या माणसाची होते का, हे तिला पाहायचं होतं. त्यासाठी तिला बारा म्हातारे हवे होते, आणि प्रत्येकानं सहा वेळा सिमरोलला यायला हवं होतं.

"बाराच?" मी म्हटलं. "अगं, आमच्या बागेच्या कट्ट्यावर उभी राहा आणि आवाज दे."

"तसं नाही मामा, डोळे नीट असलेले हवेत."

"सगळे सकाळी पेपर वाचतात. मी आणतो बारा."

बारावा मीच होतो.

खोली लहान होती. खिडकीला काळा पडदा. हनुवटी टेकवायला एक स्टँड, समोर पडदा, मधोमध बारीक अधिकचं चिन्ह. त्या चिन्हावरून नजर हलवायची नाही. मग चिन्हाच्या डावीकडे किंवा उजवीकडे, क्षणभरच, फिकट रेघांचा एक गोल ठिपका उमटायचा. धुतलेल्या पाटीवर राहिलेल्या खडूसारखा. डावीकडे दिसला तर डावं बटण, उजवीकडे तर उजवं. उत्तर बरोबर असलं की 'टिंग', चुकलं की 'ठक'. एका बैठकीत असं ऐंशी वेळा.

आधी एक फॉर्म होता. शेवटच्या पानावर प्रश्न: डोळ्यांचा काही आजार आहे का? त्यापुढे होय आणि नाही असे दोन चौकोन.

त्याच्या वर्षभर आधी सियागंजातल्या व्यापाऱ्यांनी नेत्रतपासणीचं शिबिर लावलं होतं. सामान घ्यायला गेलो होतो, रांग लहान दिसली म्हणून उभा राहिलो. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. थेंब दिले, मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले, आणि स्कूटर बंद करा म्हणाले. बाटली संपेपर्यंत मी थेंब घातले. घरी सांगितलं नाही. स्कूटर गेली की मला भाजीलासुद्धा कुणाच्या तरी सवडीनं जावं लागलं असतं.

मी 'नाही'वर खूण केली. भाची शेजारीच उभी होती. तिनं फॉर्म उचलून फाइलला लावला. वाचलासुद्धा नाही, कारण मामाचा होता.

पहिल्या बैठकीत ठक, ठक, ठक. डावीकडचं कधीकधी जाणवे, उजवीकडे जवळजवळ काही नाही. बाहेर आलो तेव्हा माझी बनियन घामानं भिजली होती. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं मामा." पण तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. आदल्या आठवड्यात दोघे जण थकून सोडून गेले होते. त्यांच्या जागी मी दुसरे दोघे आणले होते. आता मामालाच काढावं लागलं तर?

दुसऱ्या बैठकीत माझ्या लक्षात आलं की मी पाहत नाही, ऐकतो आहे.

तार खात्यात काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. इतरांसाठी सांगतो. मोर्सची तार घेताना हात नेहमी कानाच्या मागे असतो. कान पुढचा शब्द ऐकत असतो आणि हात मागचा लिहीत असतो. मधले दोन-तीन शब्द डोक्यात तरंगत राहतात. टिंब आणि रेघ यांची रांग धरून ठेवणं हे आमचं कामच होतं. डावं म्हणजे टिंब, उजवं म्हणजे रेघ. टिंग आणि ठक यांवरून बरोबर उत्तर काय होतं ते कळायचंच. आणि दुसऱ्या दिवशीची सुरुवात पहिल्या दिवसासारखीच होती. टिंब टिंब रेघ टिंब, रेघ रेघ टिंब. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच. क्रम बदलतच नव्हता.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. "पोरी, तुझा क्रम रोज तोच येतोय," एवढं एक वाक्य. सांगितलं असतं तर तिनं एक ओळ दुरुस्त केली असती आणि काम पुढे गेलं असतं. पण मग माझ्या उत्तरांचं काय, हा प्रश्न आला असता.

चौथ्या दिवसापर्यंत मला साठेक पाठ झाले होते. कट्ट्यावर मात्र हाहाकार होता. आमच्या कट्ट्यावरची माणसं मास्तर, कारकून, रेल्वेवाले. जन्मभर खात्याच्या परीक्षा देत आलेली. त्यांना ही परीक्षाच वाटत होती. माझा एक जुना मित्र आहे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेला. तो पोह्यांची प्लेट हातात धरून म्हणाला, "अरे, मला तर सगळं धुंद दिसतंय. पोरगी विचारते, काका, दिसलं का? मी म्हटलं, हो ना, एकदम फर्स्ट क्लास!"

"यात नापास नसतं," मी म्हटलं.

"असं सगळेच मास्तर म्हणतात. मग रिझल्ट लागतो." मग त्यानं आवाज खाली आणला. "भिया, तुझं मशीन फार टिंगटिंग करतं. बाहेर बाकावर ऐकू येतं. बता ना यार. तिचं नाक कापलं जाईल आमच्यामुळे."

हे शेवटचं वाक्य मला हवंच होतं. पोरीसाठी करतो आहे, असं मला स्वतःला सांगता आलं. यंत्र सगळ्यांना एकच, म्हणजे क्रमही तोच असणार; मी चमचा घेतला आणि बशीच्या कडेवर वाजवून दाखवला. आखूड म्हणजे डावं, लांबवलेलं म्हणजे उजवं. त्या कट्ट्यावरचे पाच-सहा जण भजनात टाळ वाजवणारे. कुणी पहिले वीस उचलले, कुणी तीस. दोन सकाळी आमची तालीम चालली. पोहेवाला म्हणाला, "क्या बाबूजी, बैंड खोल रहे हो?" आम्ही खूप हसलो. 

निकाल सुंदर आला. म्हाताऱ्यांची नजर सहा बैठकांत तरुणांइतकीच सुधारली होती. भाचीनं आलेख घरी आणून मला दाखवला. चढत जाणारी रेघ होती. "मामा, ही तुम्ही लोकांनी चढवली," ती म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं.

त्या आलेखाचा शोधनिबंध छापून आला आणि त्यावर तिला युरोपातल्या एका लॅबमधून मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत घरूनच, माझ्या टेबलावर लॅपटॉप ठेवून झाली. मी पलीकडच्या खोलीत पेपर उघडून बसलो होतो. इंग्रजी सगळं कळत नव्हतं, पण 'ओल्डर ऑब्झर्व्हर्स' हे शब्द आले की मी उगाच पेपरचं पान उलटायचो. आठवड्यानं जागा मिळाल्याचं पत्र आलं. बहिणीनं गल्लीत पेढे वाटले. मीही चार घरी नेऊन दिले.

पुढे दोन महिन्यांनी तिकडच्या प्राध्यापकांनी मूळ आकडे मागवले. त्यात वाईट काही नव्हतं. नवं काम त्यावरच उभं राहायचं होतं, म्हणून ते तपासून घेत होते. आता एक गोष्ट सांगायची राहिली. त्या ऐंशीमध्ये आठ वेळा पडद्यावर काहीच दाखवलेलं नसे. माणूस खरंच बघतो की ठोकून देतो, हे कळावं म्हणून. यंत्राच्या लेखी तिथेही एक बाजू 'बरोबर' असायची, पण दिसायला काही नसल्यामुळे कुणाचीही साधारण निम्मीच बरोबर यावीत. माझी आठच्या आठ बरोबर होती. कट्ट्यावरच्या इतरांनी जेवढा भाग पाठ केला होता, तेवढ्यातली त्यांचीही जवळजवळ सगळी. जे दाखवलंच नाही, ते बरोबर कसं दिसलं? प्राध्यापकांनी एका ओळीत हे विचारलं होतं.

भाचीनं एका दिवसात तिची चूक शोधली. तरुणांच्या चाचणीत क्रम दर वेळी नवा पडत होता. म्हाताऱ्यांसाठी तिनं त्याचीच जरा संथ प्रत बनवली होती, आणि त्यात क्रम नव्यानं पाडायची ओळ बंदच राहिली होती. तिनं हे तिकडे जसंच्या तसं कळवलं. त्यांचं उत्तर नम्र होतं. क्रम तोच होता हे मान्य, पण सत्तरीची माणसं, तीही एकापेक्षा जास्त, ऐंशी डावे-उजवे पाठ करतील हे पटत नाही. दुसरं काही कारण असल्यास कळवावं.

दुसरं कारण म्हणजे काय, ते त्या धंद्यातल्या सगळ्यांना कळतं. आकडे बसून कुणीतरी भरले.

त्या दुपारी जेवताना तिनं मला विचारलं. बहीण समोर होती. "मामा, तुम्हाला असं कधी जाणवलं का, की क्रम रोज तोच येतोय? कुणी कट्ट्यावर बोललं का?"

मी दोडक्याची भाजी वाढून घेतली. "छे गं," म्हटलं, "आम्हाला कसलं जाणवतंय."

ती म्हणाली, "मग मी सगळ्यांना फोन करून विचारते."

तिनं हात धुऊन फोन लावायच्या आत मी जिन्याखाली जाऊन मित्राला फोन केला, आणि त्यानं बाकीच्यांना. पहिली चूक मी भीतीनं केली होती, तिला काही सबब तरी देता येईल. या फोनला नाही. सगळ्यांनी तिला एकच उत्तर दिलं, "नाही बेटा, आम्ही तर जे दिसलं तेच दाबलं."

तिनं तो शोधनिबंध मागे घेतला. तिकडची जागा आधी 'थांबवली' आणि मग गेली. प्रबंधाचे बाकीचे भाग पक्के होते म्हणून पदवी राहिली. तिच्या गाइड मॅडमनी तिला त्याच लॅबमध्ये हंगामी कामावर ठेवून घेतलं, पण मॅडमसुद्धा तिच्याशी त्या विषयावर बोलेनाशा झाल्या. फ्रिजवरचा कागद तसाच होता. एकेक ओळ खोडली जात होती. घरात ती माझ्याशी नेहमीसारखीच वागायची. सकाळी चहा द्यायची, मोबाइलमधला फोटो लहान झाला तर मोठा करून द्यायची. त्याचाच मला त्रास व्हायचा.

या हिवाळ्यात कागदावर एकच ओळ उरली. ही लॅब तिच्याच विषयातली होती, आणि वर्षांच्या अटीत बसणारी ही शेवटची. अर्जात एक रकाना होता: पूर्वी एखादा शोधनिबंध मागे घेतला असल्यास कारण लिहा. मंगळवारी तिनं छापून ठेवलेला मसुदा मी टेबलावर पाहिला. तिनं लिहिलं होतं, कारण निश्चित करता आले नाही.

अर्ज शुक्रवारी दुपारी साडेचारपर्यंत पोचायचा होता.

बुधवारी सकाळी मी चहा घेऊन तिच्या खोलीच्या दारात गेलो आणि विचारलं, "साखर बरोबर आहे ना?" गुरुवारी कट्ट्यावर मित्राला सांगितलं की मी बोलणार आहे. त्यानं हातातला चहा कट्ट्यावर ठेवला. "रहने दे भिया. आता बोलून काय? तिची नोकरी परत येणार आहे का? उलट म्हणेल, घरातलेच चोर निघाले."

"निघालोच ना."

"मग माझं नाव घेऊ नको."

गुरुवारी संध्याकाळीही मी बोललो नाही. शुक्रवारी ती सकाळीच लॅबला गेली. मी देवाजवळ बसलो, उठलो, परत बसलो. बहीण म्हणाली, "दादा, बरं नाहीये का?" मी तिला तिथेच सगळं सांगितलं.  तिनं खुंटीवरची माझी टोपी काढून माझ्या हातात दिली.

स्कूटर बसस्टॉपवर लावली. सिमरोलच्या बसला उशीर झाला. कॅम्पसच्या फाटकावर नाव लिहिलं, फोन झाला, आत सोडलं तेव्हा दोन वाजून गेले होते. भाची मॅडमच्या खोलीत बसून अर्जच वाचत होती. मला बघून उठली. "मामा! आईला काही झालं का?"

मी उभ्यानंच सांगितलं. क्रम, चमचा, बशी, जिन्याखालचा फोन. मॅडम दक्षिणेकडच्या, त्यांना मराठी कळत नाही. त्या आम्हा दोघांकडे बघत राहिल्या.

भाची खूप हळू म्हणाली, "मामा, मला वाचवायला खोटं बोलू नका."

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. दोन वर्षं मी एवढ्या सफाईनं खोटं बोललो होतो की आता तिला माझं खरं बोलणं खोटं वाटत होतं.

"आईनं पाठवलं का तुम्हाला? तुम्ही दोघांनी ठरवलंत? हे असं काही लिहून दिलं ना मामा, तर ते तपासतील. मग माझं उरलंसुरलंही जाईल."

"तपास. तूच तपास," मी म्हटलं. "माझ्यासमोर पडदा नको. क्रम तुझ्याकडे आहे ना? तो मला दाखवू नको. मी वाजवतो."

तिनं मॅडमना हिंदीत सांगितलं. मॅडमनी घड्याळ पाहिलं, तीन वाजायला वीस मिनिटं होती. त्यांनी फाइल उघडली, क्रमाचा कागद छापला आणि भाचीच्या हातात दिला. मला एक पेन्सिल दिली. मी खुर्चीत बसलो, टेबलावर पेन्सिलीचं मागचं टोक टेकवलं आणि वाजवायला लागलो. आखूड, आखूड, लांब, आखूड. अठरा बरोबर गेले. एकोणिसाव्याला हात थांबला.

दोन वर्षं झाली होती. आणि टिंग नव्हती. माझ्या कानाला त्या आवाजाच्या मागोमाग जायची सवय होती. इथे नुसता पंख्याचा आवाज.

"अंकलजी, पानी?" मॅडम म्हणाल्या.

"नहीं. फिर से."

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा एकोणिसाव्यालाच अडलो. भाची कागद खाली ठेवू लागली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती. तिला वाटत होतं, म्हातारा माणूस, मायेपोटी काहीतरी करू बघतो आहे. मला वाटलं, आता जर हात चालला नाही तर खरं कायमचं माझ्या पोटात राहणार.

मी डोळे मिटले. ऑफिसात असाच कधी धागा तुटला की आमचे जुने हेड म्हणायचे, मनगट विचार करत नाही, त्याला सैल सोड. मी मनगट सैल सोडलं, आणि प्रत्येक खुणेनंतर स्वतःच तोंडानं बारीक 'टिंग' म्हणू लागलो. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस प्राध्यापिकेच्या खोलीत टिंग टिंग करत होता. एकोणीस गेला. तीस गेले. पन्नासच्या आसपास एक-दोनदा चाचरलो, पण थांबलो नाही. हात पुढे आणि मी मागे. संपल्यावर पेन्सिल ठेवली. डोळे उघडायचं धैर्य झालं नाही.

कागदाचा आवाज येत होता. ती खुणा करत होती. आधी तिनं एकूण मोजलेच नाहीत, ते आठ रिकामे मोजले.

"आठच्या आठ," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "चौऱ्याहत्तर. ऐंशीपैकी."

मॅडम पुटपुटल्या, "माय गॉड." मग खुर्ची सरकवून त्या तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दीड वर्षानंतर पहिल्यांदा, हे मला नंतर कळलं.

भाची माझ्याकडे बघत होती.

"मामा, त्या दिवशी मी जेवताना विचारलं होतं."

"हो."

"आई समोर होती."

"हो."

"तुम्ही भाजी वाढून घेतलीत."

 तिला ते आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं.

"अंकलजी, लेकिन क्यों?" मॅडमनी विचारलं. मग मला डोळ्यांचंही सांगावं लागलं. भाची उठली, कपाटातून माझा फॉर्म काढून आणला. शेवटचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. 'नाही'च्या चौकोनात माझीच ठसठशीत खूण होती.

मी पेन घेऊन ती खूण गिरगटायला लागलो तशी ती म्हणाली, "खाडाखोड नको. एकच रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे. नवीन खूण करा, शेजारी सही आणि आजची तारीख."

आमच्या तार ऑफिसातही हाच नियम होता. चुकलेला शब्द गिरगटायचा नाही. एक रेघ, वर बरोबर शब्द, बाजूला सही. कुणी काय चुकलं ते पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे. मी नव्या लोकांना हे कित्येक वर्षं शिकवलं होतं.

मी एक रेघ मारली. 'होय'वर खूण केली. सही केली.

मग एका पानावर घडलेलं सगळं हिंदीत लिहून दिलं, मॅडमनी त्याचं इंग्रजी केलं. मित्राचं नाव घातलं नाही, 'इतर काही जण' असं लिहिलं. तीन चाळीस झाले होते. भाची अर्जाचा रकाना नव्यानं लिहीत होती. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं असं स्पष्ट लिही."

"क्रमाची ओळ मी बंद ठेवली," ती मान वर न करता म्हणाली. "ती चूक माझी आहे. तुमचा फॉर्म मी पडताळला नाही, तीही माझी. ती मी लिहिणार. तुमची तुम्ही लिहिली आहे."

अर्ज चार वाजून एकोणीस मिनिटांनी गेला. परतीच्या बसमध्ये ती माझ्या उजव्या बाजूला बसली. त्या बाजूचं मला दिसत नाही, हे तिला आता माहीत होतं. ती रडत होती की नाही, ते मान वळवल्याशिवाय कळलं नसतं. मी वळवली नाही. बसमधून उतरल्यावर तिनं हात पुढे केला. मी स्कूटरची किल्ली दिली. "बसा मागे," ती म्हणाली. घरी येईपर्यंत तेवढंच.

रविवारी कट्ट्यावर मी सर्वांना जे केलं ते सांगितलं. मित्र तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला आणि म्हणाला, "कुठे सही करायची? रेल्वेत असताना माझ्या सहीला कुणी विचारलं नाही, आता परदेशात जातेय." त्याच्यामागून आणखी चौघांनी लिहून दिलं. भाचीनं ते कागद तिकडे पाठवले, आणि युरोपातल्या त्या आधीच्या लॅबलाही.

मुलाखत झाली. पहिला प्रश्न त्याच रकान्यावर होता, असं तिनं आईला सांगितलं. मला बहिणीकडून कळलं. उत्तर अजून आलेलं नाही. ती सकाळचा चहा देते, पण टेबलावर ठेवून जाते. डोळ्यांच्या दवाखान्यात तीच घेऊन गेली होती. तिथेही हनुवटी टेकवून एका पोकळ गोलात बघायचं असतं, बारीक प्रकाश दिसला की बटण दाबायचं. यंत्र एका लयीत टकटक करत होतं. दोन-तीन मिनिटांत ती लय माझ्या अंगठ्यात उतरली. प्रकाश दिसेना तेव्हाही अंगठा दाबायला निघाला.

मी तो बटणावरून काढला आणि दिसेल तेव्हाच ठेवला. फार थोडे वेळा ठेवावा लागला. तपासणीचा छापील कागद हातात घेऊन भाचीनं तो बराच वेळ पाहिला. उजवीकडे काळा डाग होता, मोठा.

"हा खरा आहे ना मामा?" तिनं विचारलं.

"खरा आहे," मी म्हटलं.

तिनं तो घडी करून पर्समध्ये ठेवला.